परसातील कळपासाठी पिल्लांची संख्या : वऱ्हाडच्या परिस्थितीत एक विचार

महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाने राबविलेल्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभधारकापुढे दोन संख्या ठेवण्यात आल्या : एक दिवसाची १०० पिल्ले, अथवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. केंद्राच्या ग्रामीण परसातील कुक्कुट योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ४५ पक्षी, तेही टप्प्याटप्प्याने, देण्याची पद्धत स्वीकारली होती. वाटपाच्या सोयीसाठी असे आकडे ठरवावेच लागतात. तथापि दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातील एखाद्या घराच्या अंगणात किती पक्षी जगतील, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते त्या अंगणातूनच काढावे लागते, आणि ते चुकले तर भुर्दंड त्या घरालाच बसतो.

सर्वसाधारणपणे विचार सुरू होतो तो अंड्यांच्या गरजेपासून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे. पाच माणसांच्या घरास त्या मानाने ९०० अंडी लागतात. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते व त्यांतील काही पुन्हा तिच्याच खाली उबवणीस जातात. वनराजासारखी सुधारित जात परसात शंभर ते एकशे दहा अंडी देते. म्हणजे गावठी पंधरा किंवा सुधारित नऊ माद्या हव्यात, असा हिशेब निघतो. हिशेबात चूक नाही. प्रश्नच अपुरा आहे.

खरी मर्यादा खाद्याची असते. परसातील कोंबडी उकिरडा, सांडलेला दाणा, खरकटे, किडे व कोवळा पाला यांवर जगते. १९९३ साली श्रीलंकेतील खेड्यांत गुणरत्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या गळ्यातील पिशवीतले अन्न तपासले, तेव्हा त्याचा मोठा भाग घरातील उष्ट्याखरकट्याचा असल्याचे आढळून आले. यावरून असे दिसते की अंगणाचा आकार वाढला म्हणून खाद्य त्या प्रमाणात वाढत नाही. ते चुलीच्या आकाराशी बांधलेले असते. त्यात पक्षी दुप्पट केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे येते. आधी अंडी थांबतात आणि मग रोगाला वाट मिळते.

वऱ्हाडात या मर्यादेला आणखी एक पदर आहे. ज्वारीचे पीक भरपूर होते तोवर खळ्यावरचा दाणा, कण्या व कोंडा कोंबड्यांस आपोआप मिळे. पुढे ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले; कापूस तर होताच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात, आणि सरकीत गॉसिपॉल असते. त्यामुळे अंगणात धान्याची रास दिसत असूनही कोंबडीच्या उपयोगाचे त्यात थोडेच असते. तुरीची चुनी मात्र उपयोगी पडते. फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या कडेला पक्षी सोडणे धोक्याचे, हे शेतकऱ्यांस वेगळे सांगावे लागत नाही.

समजा, आठवडाभर मोजमाप करून एखाद्या घराच्या अंगणात रोज सुमारे ६०० ग्रॅम कोरडे खाद्य मिळते असे ठरले. सुधारित पक्ष्यास रोज सुमारे ११० ग्रॅम लागते. त्यांपैकी ४० ग्रॅम विकतचे धान्य दिल्यास उरलेले ७० ग्रॅम अंगणाने पुरवावयाचे, म्हणजे आठ पक्षी झाले. गरज नऊ माद्यांची व अंगण आठ पक्ष्यांचे, असा पेच पडला तर अंगणाचे ऐकावे. त्या आठांत नरही धरावा लागतो, म्हणून माद्या साताच्या वर जात नाहीत. काटेकोर सात न धरता आठ माद्यांचे उद्दिष्ट ठेवण्यास मात्र एक कारण आहे, आणि ते पिल्लांच्या स्वभावात आहे.

एक दिवसाची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता मिळतात. दहा पिल्लांत तीन किंवा त्याहून कमी माद्या निघण्याची शक्यता सुमारे सहांत एक असते; वीस पिल्लांत सहा किंवा कमी निघण्याची शक्यता मात्र सतरांत एकच. लहान संख्येची ही लहर लक्षात न घेता 'निम्म्या माद्या' असे गृहीत धरणारा हिशेब पुष्कळदा फसतो. त्यात मरतुकीची भर पडते. शंभरांपैकी सत्तर पिल्ले अंड्यावर येण्यापर्यंत जगतात असे हिशेबापुरते धरल्यास एका पिल्लामागे ०.३५ मादी हाती लागते. आठ माद्यांसाठी २३ पिल्ले हवीत. आणि तरीही आठांपेक्षा कमी माद्या मिळण्याची शक्यता सुमारे पाचांत दोन, पाच किंवा कमी मिळण्याची सुमारे आठांत एक राहते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. वरील गणित प्रत्येक पिल्लाचे मरण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे मानते. घार, मुंगूस किंवा मांजर यांच्यापुरते ते बव्हंशी खरे आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग मात्र एकेक पक्षी निवडून नेत नाही. तो कळपच्या कळप नेतो. म्हणून सारी पिल्ले एकाच खेपेस आणल्यास सरासरी तीच राहते, परंतु सर्वनाशाची शक्यता वाढते. बारा-बारांच्या दोन खेपा चार महिन्यांच्या अंतराने आणल्या तर हा धोका विभागला जातो. शिवाय दुसरा लाभ असा की वाढत्या नरांचा भार अंगणावर एकदम पडत नाही. २३ पिल्ले एकत्र वाढवल्यास चौथ्या-पाचव्या महिन्यात सुमारे सोळा जवळजवळ पूर्ण वाढीचे पक्षी आठांच्या खाद्यावर जगवावे लागतात. विकतच्या धान्याचा खर्च बहुतेक याच काळात होतो आणि अनुभव नसलेल्या घरास तो अनपेक्षित असतो.

खेप कधी आणावी यास हवामान उत्तर देते. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. पहिल्या आठवड्यात पिल्लांस सुमारे ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी उतरवतात. मे महिन्यात ती उतरवणे हाताबाहेरचे असते. फेब्रुवारीच्या आरंभी आणलेली पिल्ले मार्चअखेर पिसांनी भरतात, निंबाच्या सावलीत उन्हाळा काढतात व जुलै-ऑगस्टात अंड्यावर येतात. नर आखाडीला किंवा पोळ्याच्या करीला विक्रीस तयार असतात, आणि त्या दिवशी कोंबड्यास मिळणारा भाव वर्षात क्वचितच मिळतो. दुसरी खेप पावसाळा मोकळा झाल्यावर येते.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाण्यातील मीठ प्रौढ कोंबडी काही प्रमाणात सोसते, लहान पिल्ले तितके सोसत नाहीत. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास पहिले काही आठवडे पिल्लांस गोड्या पाण्याची सोय आहे की नाही, हे संख्या ठरविण्यापूर्वीच पाहावे.

चार आठवड्यांची पिल्ले घेणे हा दुसरा मार्ग आहे. त्यांत जगण्याचे प्रमाण शंभरांत नव्वद धरल्यास २३ ऐवजी १८ पिल्ले पुरतात. २३ लहान पिल्लांची किंमत अधिक महिनाभराची ऊब व खाद्य, आणि १८ मोठ्या पिल्लांची किंमत, यांची तुलना त्या त्या वेळच्या भावाने करावी. ज्या घरी ऊब देण्यास वेळ किंवा भरवशाची वीज नाही, तेथे दुसरा मार्ग बहुधा स्वस्तच पडतो.

सुधारित माद्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांच्या आठांत एखादी गावठी कोंबडी ठेवणे शहाणपणाचे ठरते. ती दहा-बारा अंडी उबवून पुढील भरतीचा काही भाग घरीच देते. मात्र सुधारित पक्ष्यांच्या पुढील पिढीत मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

उरला लसीचा प्रश्न, आणि तो संख्येच्या विचारात नेहमी विसरला जातो. राणीखेतची लस शंभर किंवा अधिक मात्रांच्या कुपीत येते, आणि विरघळविल्यानंतर ती एक-दोन तासांतच वापरावी लागते. बारा पिल्लांसाठी कुपी फोडणे घरास परवडत नाही. मग लस टोचलीच जात नाही आणि वरचा सारा हिशेब निष्फळ होतो. एकाच गल्लीतील आठ-नऊ घरांनी बारा-बारा पिल्ले एकाच दिवशी आणल्यास एक कुपी सर्वांना पुरते व प्रत्येक अंगणाची मर्यादाही सांभाळली जाते.