मळवली ते भाजे: लोकलने जा, पायी फिरा

पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. एक्सप्रेस वे ओलांडला की भाजे गाव लागतं. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं तुडुंब भरलेली असतात. गावातून पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोचायचं.

इथं घाई नको! चैत्यगृहात उभं राहून वर पाहा: छताच्या कमानी चक्क लाकडी आहेत. इसवी सनापूर्वीचं हे लाकूड अजून टिकून आहे. खांबही किंचित आत कललेले आहेत, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल. शेजारीच 14 स्तूपांचा समूह आहे.

पायांत दम असेल तर पुढे लोहगड आहेच. 2025 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, चांगली पकड असलेले बूट घाला. शनिवार-रविवारी मात्र तुफान गर्दी असते, त्यामुळे पहाटेचीच लोकल धरा.