देव किती? दीड!

विदेहाच्या जनक राजाने मोठा यज्ञ मांडला होता. कुरु-पांचालांकडचे विद्वान जमले होते. सगळ्यांत ज्ञानी जो ठरेल त्याच्यासाठी राजाने हजार गाई बांधून ठेवल्या होत्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलेलं. याज्ञवल्क्याने वाद सुरू व्हायच्या आधीच शिष्याला सांगून टाकलं, गाई हाक आणि घरी ने! बाकीचे पंडित साहजिकच भडकले आणि एकेक जण त्याला प्रश्नांत पकडायला उठला. त्यांत सर्वांत शेवटी उठला विदग्ध शाकल्य. त्याचा प्रश्न अगदी पोरानं विचारावा तसा होता: देव किती?

याज्ञवल्क्याने आकडा सांगितला. ३३०६.

शाकल्य म्हणाला, ठीक, पण खरे किती? तेहतीस. ठीक, पण खरे किती? सहा. मग तीन. मग दोन. आणि मग, नीट ऐका, दीड! शेवटी एक.

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात हा हिशेब आजही जसाच्या तसा वाचायला मिळतो. मला त्यातल्या एकापेक्षा दीडाचंच जास्त कौतुक वाटतं. एकावर येऊन थांबणारे जगात पुष्कळ झाले. पण एकाच्या अलीकडे क्षणभर दीडावर टेकायचं कुणाला सुचलं असेल? हा दीड देव म्हणजे वारा, कारण त्याच्यामुळे सगळं वाढतं, असं याज्ञवल्क्य सांगतो. तेहतिसांचीही तो यादी देतो: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. आणि उरलेला एक? प्राण, म्हणजेच ब्रह्म. (शाकल्याचं मस्तक पुढे त्याच सभेत गळून पडतं, पण देव मोजल्याबद्दल नव्हे. पुढच्या एका प्रश्नाचं उत्तर त्याला आलं नाही म्हणून.)

देवाची संख्या इतक्या मोकळेपणी वरखाली करता येते, याचा अर्थ काय? आपण समजतो की धर्म म्हटला की आधी देव येणार, त्याने जग निर्माण केलेलं असणार आणि माणसाने कशासाठी जगायचं हेही तोच सांगणार. एका दोरीला दुसरी दोरी बांधलेली. भारतातल्या दर्शनकारांनी ही गाठच सोडली. देव आहे का, हा एक प्रश्न. जगायचं कशासाठी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी दुसरा अडत नाही. आणि पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं ठणकावून कुणी दिलं असेल? वेद न मानणाऱ्या चार्वाकाने दिलं, त्यात नवल नाही. नवल हे की तेच उत्तर वेदाच्या सर्वांत कट्टर रखवालदारांनीही दिलं.

हे रखवालदार म्हणजे मीमांसक. यज्ञात कोणती आहुती कधी द्यायची, वेदातलं कुठलं वाक्य आज्ञा आणि कुठलं नुसतं कौतुक, याचा कीस काढण्यात त्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. अशा माणसांच्या घरी देवांची मांदियाळी असेल, असं वाटणारच. आता त्यांचं म्हणणं ऐका. ‘इंद्राय स्वाहा’ म्हणून आहुती दिली, तर त्या यज्ञात इंद्र आहे किती? त्या चतुर्थी विभक्तीपुरता! त्याला हात नाहीत, पोट नाही, तो येऊन हवी खात नाही, खूश होऊन काही देतही नाही. वज्र धरणारे हात वगैरे सगळी स्तुती. मीमांसक शबराच्या भाष्यात ही चर्चा सविस्तर आली आहे.

मग यज्ञाचं फळ देतो कोण? इथे त्यांची खरी करामत आहे. यज्ञ आज संपला, राख गार झाली, आणि स्वर्ग मिळायचा तो मेल्यावर. मधली वर्षं ते फळ राहतं कुठे? मीमांसक म्हणाले, कर्मातून एक अदृश्य शक्ती उपजते, तिचं नाव अपूर्व. ती टिकून राहते आणि वेळ आली की फळ देते. बँकेतल्या मुदत ठेवीसारखंच हे. व्याज नियमानं चढतं, मॅनेजर प्रसन्न आहे की रुसलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. मग मॅनेजर हवाच कशाला?

सातव्या शतकातला कुमारिल भट्ट तर इथेच थांबला नाही. ‘श्लोकवार्तिका’त त्याने सृष्टिकर्त्याची उलटतपासणीच घेतली. जग नव्हतं तेव्हा तो उभा कुठे होता? त्याला शरीर होतं का? नव्हतं, तर निर्माण करायची इच्छा झाली कशी? होतं, तर ते कुणी केलं? करुणेपोटी जग केलं म्हणता, तर करुणा कुणाची आली? कीव यावी असं कुणी तेव्हा होतंच कुठे? बरं, करुणेनेच केलं, तर सगळे सुखी का नाहीत? आणि त्याने जग केलं हे पाहायला साक्षीदार कोण होता? त्याने स्वतः सांगितलं म्हणाल, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आपला मोठेपणा मिरवायला तो थापही मारत असेल!

हे लिहिणारा माणूस वेदासाठी आयुष्य वेचणारा होता. आणि त्याच ग्रंथाच्या आरंभी त्याने चंद्रकोर धारण करणाऱ्याला नमस्कारही केला आहे. टीकाकारांनी त्या श्लोकातून यज्ञपर अर्थही काढून दाखवला, पण शिव काही पूर्ण लपत नाही. त्याहून लोभस गोष्ट सतराव्या शतकातल्या काशीच्या खंडदेवाची. देवतेला शरीर नाही, ती फळ देत नाही, असं हा मोठा मीमांसक शास्त्राला धरून सिद्ध करतो आणि लगेच कबूल करतो की असं बोलताना माझी वाणी विटाळते, हरीचं स्मरण हाच मला आसरा. बुद्धीने जे निघालं ते खोडलं नाही, आणि मनाला जे टोचलं तेही लपवलं नाही. असा प्रामाणिकपणा शास्त्रग्रंथात किती वेळा सापडतो?

सांख्यांकडे तर गंमत नावापासूनच सुरू होते. त्यांचा प्रमाणग्रंथ ‘सांख्यकारिका’. लेखकाचं नाव ईश्वरकृष्ण. पंचवीस तत्त्वांत सगळं विश्व बसवलं, पण त्या पंचविसांत ईश्वर नाही! एकीकडे प्रकृती, म्हणजे मन-बुद्धीसकट सगळं घडणारं, बदलणारं जग. दुसरीकडे पुरुष, म्हणजे नुसता पाहणारा. काही न करणारा. जग चालतं ते त्या पाहणाऱ्यासाठी.

जड प्रकृतीला कुणासाठी काही करायचं कळतं कसं? ईश्वरकृष्ण म्हणतो, वासरासाठी गाईला दूध येतं, त्या दुधाला कुठे कळतं? पुढे वेदान्ती शंकराचार्यांनी हा दाखला बरोबर पकडला: दुधाला कळत नसेल हो, पण गाईला कळतं, तिचा जीव असतो वासरावर! एका गाईवरून दोन दर्शनं भांडत होती आणि पणाला लागलं होतं विश्व.

सांख्यांची मुक्ती मात्र अपूर्व देखणी आहे. नर्तकी रंगमंचावर येते, प्रेक्षकांसमोर नाचते आणि आपलं सगळं दाखवून झालं की निघून जाते. तशी प्रकृती. तू वेगळा आणि मी वेगळी, एवढं पाहणाऱ्याला दिसलं की तिचं काम संपलं. इथे कुणी तारणारा नाही, माफ करणारा नाही, वर नेणारा नाही. नीट पाहिलंत की सुटलात.

योगदर्शनाने सांख्यांची बहुतेक सगळी मांडणी तशीच घेतली आणि तिच्यात एक ईश्वर आणून बसवला. पण कसला ईश्वर? पतंजलीच्या सूत्रांत त्याने जग निर्माण केलं असं कुठे म्हटलेलं नाही. तोही एक पुरुषच, फक्त क्लेश आणि कर्म ज्याला कधी शिवलेच नाहीत असा. प्राचीनांचाही गुरू. त्याच्यावर चित्त ठेवलं तर समाधी साधते. आणि हा मार्ग येतो तोही ‘किंवा’ लावून, इतर उपायांच्या रांगेत! देव ऐच्छिक विषय म्हणून ठेवणारा हा अभ्यासक्रम आज जगभर शिकवला जातो, आणि चटईवर आसनं करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

मग देवाची बाजू घेणारं कुणीच नव्हतं का? होतं की, आणि त्यातले सर्वांत खंबीर वकील होते नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती ईश्वर सिद्ध करायलाच. घट आहे म्हणजे कुंभार असणार. पृथ्वीसुद्धा अवयव जोडून झालेलं कार्य, मग तिचाही कर्ता असणार. समोर बौद्ध तार्किक होते, एकेक युक्तिवाद सोलून काढणारे. उदयनांबद्दल एक आख्यायिका आहे: ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तर दार बंद. तेव्हा त्यांनी देवालाच सुनावलं की आज ऐश्वर्याच्या मदात माझा अपमान करतोस, पण बौद्ध आले की तुझं असणं माझ्या हातात असतं! आख्यायिका खरी असो-नसो, देवाला दम देणारा आस्तिक कल्पायला तरी काय छाती लागते.

‘कुसुमांजली’च्या शेवटाकडे उदयन जे मागतात ते तर मला या साऱ्या वाङ्मयातलं सर्वांत उमदं मागणं वाटतं. देवा, ज्यांनी तुला नाकारलं त्यांनीही नाकारण्यासाठी का होईना तुझंच एवढं चिंतन केलं. तेव्हा त्यांनाही यथाकाल तारून ने.

पण गाठ सुटलेली होती ती इथेही सुटलेलीच राहिली. ज्यांनी देव सिद्ध केला, त्यांचा मोक्ष म्हणजे देवाला जाऊन भेटणं, असं तुम्हाला वाटेल. न्यायसूत्राचं पहिलंच सूत्र काढा. सोळा पदार्थांचं खरं ज्ञान झालं की परमकल्याण, असं ते सांगतं. सोळांत काय काय येतं? प्रमाण आहे, संशय आहे, दृष्टान्त आहे. आणि वितंडा आहे, छल आहे, वादात हरल्याच्या खुणाही आहेत! लबाड युक्तिवाद ओळखता येणं हीसुद्धा मोक्षाची तयारी. आणि तो मोक्ष कसा? दुःख नाही, पण सुखही नाही, जाणीवही नाही. हे वैष्णवांना इतकं कोरडं वाटलं की त्यांच्यात एक श्लोकच फिरू लागला: या तार्किकांच्या मुक्तीपेक्षा वृंदावनात कोल्हा होऊन राहिलेलं बरं.

जगण्याच्या हेतूंची यादीही काही आभाळातून तयार पडलेली नाही. धर्म, अर्थ, काम हे त्रिकूट जुनं. वात्स्यायन ‘कामसूत्रा’च्या आरंभी नमस्कार करतो तो या तिघांनाच. मोक्ष नंतर चौथा येऊन बसला. पण चौघांनाही मिळून जे नाव पडलं ते पुरुषार्थ, माणसाने मिळवायच्या गोष्टी. मग देवाने काय मिळवायचं?

हा प्रश्न मी गमतीने काढलेला नाही. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत तो रीतसर विचारला आहे. शहाणा माणूस हेतूवाचून काही करत नाही. ब्रह्म परिपूर्ण, त्याला कशाचीच वाण नाही. मग त्याने जग करावं कशाला? उत्तर: लीला. ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा नुसता खेळतो, किंवा श्वास आपोआप चालतो, तसं, असं शंकराचार्य त्यावर भाष्य करतात. म्हणजे बघा, माणसाला चार हेतू आणि देवाला एकही नाही! खेळात कुणी सुखी, कुणी दुःखी का, असा सवाल पुढच्या सूत्रांत लगेच येतो. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात की जव हे बियाण्यावर ठरतं. बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. आणि पहिलं कर्म कुठून आलं? संसाराला आरंभच नाही. कुमारिलाचं यावर समाधान झालं असतं असं वाटत नाही. पण पूर्णाने खेळावं ही कल्पना मात्र एकदा डोक्यात शिरली की सहजी निघत नाही.

ती आपल्या मराठीत शिरली आणि तिने नवंच वळण घेतलं. अज्ञानामुळे जग भासतं, हे अद्वैताचं ठरलेलं उत्तर. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त त्या अज्ञानालाच पुराव्यासाठी उभं केलं. दहा प्रकरणांतलं सातवं, सर्वांत मोठं प्रकरण त्यासाठीच खर्ची घातलं आणि अज्ञान नावाची वस्तू कुठे दाखवताच येत नाही, असा निकाल दिला. मग जग काय आहे? चैतन्याचाच विलास, त्याचंच उमलणं. भास म्हणून पुसून टाकायला काही उरतच नाही.

आणि जग पुसायचंच नसेल तर त्यातून सुटायची घाई कशाला? तुकोबा हाच सवाल थेट देवाच्या पायाशी नेऊन ठेवतात. कीर्तनाच्या शेवटी गावोगाव म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या त्या मागण्याकडे कधी हिशेबी नजरेने बघितलंय का? त्यात धन नको, संपदा नको, इथपर्यंत ठीक. पण नको म्हटलेल्यांत मुक्तीही आहे! तुझा विसर न व्हावा आणि संतांची संगत असावी, एवढ्यासाठी ते खुशाल पुन्हा गर्भवासात जायला तयार होतात. ‘सांख्यकारिके’चा पहिलाच शब्द दुःख आहे, जन्माच्या या फेऱ्यातून बाहेर कसं पडायचं यावर बहुतेक दर्शनांनी आपली सारी बुद्धी पणाला लावली. आणि देहूच्या वाण्याला पाहिजे होतं पुढच्या फेरीचं तिकीट.