चाकांवरचं घर आणि एकटी बाई

मैत्रिणींनो, बैठकीला जरा उशीर झाला तरी घरून दोन फोन येतात. मग साठीची एक बाई स्वतःचं घर गाडीत घालून, एकटीच, महिनोन्‌महिने फिरते असं सांगितलं तर? अमेरिकेत अशा कितीतरी बाया आहेत. त्यांच्या गाडीला तिकडे ‘आर.व्ही.’ म्हणतात. हे कसं चालतं, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते पाहू.

गाडीत काय असतं?
काही गाड्या टेम्पोएवढ्या, काही एस.टी.एवढ्या. आत झोपायची जागा, छोटा ओटा, गॅस आणि बऱ्याच गाड्यांत संडाससुद्धा. मोठ्या गाडीत सहसा तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासाची. मैला ठरवून दिलेल्या जागीच पाइप जोडून रिकामा करायचा; रस्त्याकडेला सोडता येत नाही. टपावर सोलर लावला की दिवा, फोन, पंखा चालतो. पाणी मात्र मोजून वापरावं लागतं. हे आपल्याला शिकवायला नको!

एकटी कशी सांभाळते?
अनुभवी बाया काही नियम पाळतात:
- अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं.
- गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. काही खटकलं तर खाली न उतरता थेट निघता येतं.
- दाराबाहेर पुरुषाचे मोठे बूट ठेवायचे. बघणाऱ्याला वाटतं, आत कोणी तरी आहे.
- आज कुठे आहोत हे रोज एका माणसाला कळवायचं. अनोळखी माणसाला मात्र “मी एकटी आहे” असं सांगायचं नाही.
- आत विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र लावायचं. बंद जागेत शेगडी पेटवून झोपलं तर त्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. ताई, थंडीत खोलीत शेगडी ठेवून दार लावणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

या बायांचेही गट आहेत. १९९९ साली दोघी बहिणींनी सुरू केलेला ‘सिस्टर्स ऑन द फ्लाय’ हा त्यातलाच एक. गाड्या घेऊन त्या एकत्र जमतात, एकमेकींना शिकवतात. म्हणजे फिरायचं एकटीनं, पण पाठीशी गट.

सगळ्याच हौसेनं निघत नाहीत
काहींना फिरायची आवड असते. काहींना मात्र घरभाडं परवडत नाही. तिथली सरकारी पेन्शन सर्वात जास्त कमाईच्या ३५ वर्षांवर ठरते. मुलं, म्हातारी माणसं सांभाळताना नोकरी सुटली, तर त्या वर्षांची कमाई शून्य धरतात. नवरा गेला की दोघांच्या पेन्शनपैकी मोठी एकच उरते. मग घर सोडून गाडीत राहायचं आणि हंगामी काम शोधायचं. साखरेच्या बीटच्या हंगामात बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्यांत अशी गाडीवाली माणसं असतात. आपल्या ऊसतोडीच्या बायांची आठवण येते की नाही? ‘नोमॅडलँड’ या सिनेमात असंच जगणं दाखवलंय. २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

आपण काय करायचं?
आयुष्यभर राबायचं आणि म्हातारपणी आपल्या नावावर काहीच नाही, हे तिकडेही आहे आणि इकडेही. म्हणून आजच बघा, पेन्शन तुमच्या स्वतःच्या नावावर आहे का? अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात नाव घालता येतं. आयकर भरणाऱ्यांना मात्र नाही. साठीनंतर महिना ५,००० रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर १,४५४. उशीर किती महाग पडतो ते यातच आलं. बचत खातं असलेल्या बँकेत विचारा.

आणि एकटीनं बाहेरगावी जाताना निघाल्याची, पोचल्याची वेळ गटातल्या एका मैत्रिणीला कळवा. अडचण आली तर ११२ लावा.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या: आपल्यापैकी कितीजणींची पेन्शन सुरू आहे? आणि कितीजणी एकट्या तालुक्याच्या पुढे गेल्या आहेत?