सचित्र साप्ताहिकांतील उच्चभ्रू जग

श्रीमंतांच्या दिवाणखान्यात डोकावण्याचे कुतूहल जुनेच आहे. इंग्लंडमध्ये त्याचा रीतसर व्यवसाय झाला. १८४२ साली निघालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधील चित्रे लाकडी ठशांवर कोरलेली असत. पुढे हाफटोन पद्धतीमुळे छायाचित्रच कागदावर उतरू लागले. कोरणाऱ्याचा वेळ आणि मजुरी वाचली. क्लेमंट शॉर्टर या संपादकाने ही संधी अचूक हेरली. 'स्केच' (१८९३), 'स्फिअर' (१९००) आणि 'टॅटलर' (१९०१) ही तिन्ही साप्ताहिके त्याच्याच हातून सुरू झाली.

घोड्यांच्या शर्यती, शिकारी, नाटकांतील नट्या, सरदारकन्यांचे विवाह यांनी ही पाने सजत. जन्मभर ताळेबंद तपासल्यामुळे असेल, मला त्यातील हिशेब गमतीचा वाटतो. छायाचित्रात झळकणारे मूठभर; पैसे मोजून ते पाहणारे कितीतरी अधिक, आणि जाहिरातदाराची नजर या दुसऱ्यांवर!

१९१४ चे महायुद्ध आले आणि १९०३ पासून निघणाऱ्या 'बायस्टँडर'ने ब्रूस बेर्न्सफादर या आघाडीवरील अधिकाऱ्याची व्यंगचित्रे छापली. चिखलात रुतलेला, झुबकेदार मिशांचा, कुरकुरणारा 'ओल्ड बिल' हा साधा शिपाई थेट बड्यांच्या साप्ताहिकात येऊन बसला. खंदकांतील सैनिकांना तो आपलाच वाटला. उच्चभ्रूंच्या पानांवर सामान्य माणूस इतक्या मानाने क्वचितच आला असेल.

'बायस्टँडर' १९४० मध्ये 'टॅटलर'मध्ये विलीन झाले. 'टॅटलर' आजही निघते, आणि त्यातील मेजवान्यांच्या छायाचित्रांच्या पानांना नाव आहे 'बायस्टँडर'.