सोबतीची संस्था
लैंगिक अत्याचारग्रस्तांना आधार देणारी संस्था दवाखाना, पोलीस ठाणे किंवा न्यायालय यांची जागा घेत नाही. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला या तिन्ही ठिकाणी जावे लागू शकते. प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी, कागद वेगळे, वेळा वेगळ्या. या सगळ्यांतून तिला एकटीला फिरावे लागू नये आणि पुढे काय करायचे हे तिनेच ठरवावे, एवढ्यासाठी संस्था असते. कार्यकर्त्या या कामाला ‘सोबत करणे’ म्हणतात.

महाराष्ट्रात या कामाची मुळे मथुरा प्रकरणात सापडतात. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मोर्चे काढणाऱ्या बायकांकडे मदत मागणाऱ्या बायका येऊ लागल्या, तशी आधार केंद्रांची गरज दिसू लागली. अनुसंधान ट्रस्टच्या ‘सेहत’ या संशोधन केंद्राने मुंबई महापालिकेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू केले. हिंसा सोसणारी बाई पोलिसांकडे जाईलच असे नाही, पण दुखणे घेऊन दवाखान्यात येते. म्हणून समुपदेशन केंद्र दवाखान्यातच हवे, हा त्यामागचा विचार. ‘मजलिस’ या स्त्रियांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेने २०११ पासून ‘राहत’ या उपक्रमातून खटल्याच्या काळातील सोबतीवर भर दिला.

नवी संस्था काढताना नोंदणीआधी तालुका समजून घ्यावा लागतो. रात्री तपासणी करणारे डॉक्टर कुठे आहेत, जिल्ह्याचे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर किती लांब आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणाला भेटायचे, शेवटची एसटी किती वाजता सुटते, या माहितीची एक वही तयार होते. १८१ ही महिला हेल्पलाइनही त्या वहीत असते. जे आधीच आहे ते पुन्हा उभारायचे नसते. दोन सोयींमधली फट कुठे आहे ते पाहून तिथे माणूस ठेवायचा असतो.

नोंदणीचे मार्ग तीन. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. दुसरा मार्ग थेट न्यासाचा, तिसरा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा. संस्थेच्या आणि देणगीदारांच्या आयकर सवलतीसाठीची नोंदणी पुढे करायची असते.

खरा कस पहिल्या काही तासांत लागतो. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, आणि ते जितके लवकर तितके बरे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. बाई अंघोळ करून, कपडे धुऊन आली तरी तिला परत पाठवायचे नसते. अंगावरचे कपडे असतील तर ते कागदात बांधायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा नासतो. काडीवर घेतलेला नमुनाही सावलीत, हवेवर वाळवूनच पाकिटात घालतात. हे काम डॉक्टरांचे आहे, पण ते नीट झाले का, हे कार्यकर्तीला कळले पाहिजे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीचा उपचार मोफत द्यायचा आहे. तपासणीला नकार म्हणजे उपचाराला नकार नव्हे. बाईला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे पाहणारी टू-फिंगर चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. जबाब पीडितेच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्या वेळी परिसरातील सामाजिक कार्यकर्त्या हजर राहू शकतात, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्येच लिहिले आहे. पीडिता अठरा वर्षांखालील असेल तर गोष्ट बदलते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकावर कळवण्याची सक्ती आहे. त्यामुळे ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द मुलीला देता येत नाही आणि ही मर्यादा बोलणे सुरू होण्याआधीच सांगावी लागते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमते. प्रशिक्षित संस्थेला तिथे नेमके काम असते.

पुढचा काळ लांबतो. तारीख पडते, साक्ष लांबते, घरातून तडजोडीचा दबाव येतो. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज, शाळेचा दाखला, बुडालेली मजुरी, न्यायालयाच्या आवारात आरोपीच्या नातेवाइकांपासून दूर बसायची जागा, हे सारे सोबतीतच येते. तक्रार करायची नाही असे सज्ञान स्त्रीने ठरवले, तरी समुपदेशन थांबत नाही.

या कामाचा हिशेब ठेवणे अवघड असते. ओळख उघड केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कागदपत्रांवर नावाऐवजी क्रमांक असतो, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात राहते आणि वार्षिक अहवालात फोटो नसतो. लहान गावात वय, जात आणि वाडी एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो, तेव्हा तेही गाळले जाते. कार्यकर्त्यांनाही ऐकण्याचा भार होतो. त्यांच्या पाळ्या, सुट्ट्या आणि अनुभवी समुपदेशकाशी ठरलेली बैठक हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.