पाय काय सांगतात?

मुलांनो, ताप बघायला आई कपाळाला हात लावते, डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात. पाय मात्र कुणी बघत नाही. घरात शिरताना मळलेले दिसले तर ओरडा बसतो, तेवढंच!

गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्या जंगलात हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे सुरुवातीला माडिया-गोंड रुग्णांना झाडाखालीच तपासत. जंगलात अनवाणी चालणाऱ्याला काटा रुतणं नवं नाही. पण काटा रुतला आणि दुखलाच नाही तर? तुम्ही म्हणाल, बरंच झालं की!

नाही, बरं का. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांतल्या नसांवर हल्ला करतो. मग पायाला चटका, ठेच काहीच कळत नाही. माणूस तसाच चालत राहतो, जखम चिघळते, बोटं झिजतात. बोटं 'झडतात' ती अशी, दुर्लक्षित जखमांमुळे. हा जंतू फार सावकाश वाढतो, लक्षणं दिसायला वर्षंही लागतात. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला की लाजून लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. सहा किंवा बारा महिने नेमानं घेतलं की रोग पूर्ण बरा होतो. लपवण्यातच खरं नुकसान आहे.

दोन्ही पाय सुजले असतील तर घोट्यावर अंगठा दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय. कारण मूत्रपिंडाचं, हृदयाचं किंवा कुपोषणाचंही असू शकतं. हत्तीपायाची सूज वेगळी. ती डासांमुळे पसरणाऱ्या जंतांची करणी. आणि तान्ह्या बाळाचे हातपाय दुखरे सुजले तर आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणी करायलाच हवी. रोग कोणता ते डॉक्टरच ठरवणार, आपण फक्त वेळेवर न्यायचं.

मधुमेहातही पाय बधिर होतात. घरात आजी-आजोबांना मधुमेह आहे? मग आज रात्री त्यांना डोळे मिटायला सांगा आणि तळव्यावर कापसाचा बोळा हळूच फिरवा. "अरे, गुदगुल्या होतात!" म्हणाले तर तुम्हीही हसा. काहीच बोलले नाहीत, तर लगेच आईबाबांना हाक मारा.