शॉकची पेटी आणि स्वारगेटच्या खेपा

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर आणि मग चेलाडी फाटा. इथून उजवीकडे नसरापूर, बनेश्वर आणि पुढे वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. न वळता पुढे गेलं की कापूरहोळ, आणि तिथून उजव्या हाताला भोर. गावाच्या नावातल्या कापराचा या लेखाशी संबंध निव्वळ योगायोगाचा. पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला झटका देऊन बरं करण्याची गोष्ट खरोखरच कापरापासून सुरू होते.

बुडापेस्टमधल्या लाडिस्लास मेदुना या डॉक्टरने मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. फेफऱ्याच्या मेंदूत आधारपेशी वाढलेल्या दिसल्या, स्किझोफ्रेनियाच्या मेंदूत कमी. त्यावरून त्याने ताडलं की हे दोन आजार एकमेकांचे वैरी असावेत. एक आणला की दुसरा पळेल. जानेवारी १९३४ मध्ये त्याने वर्षानुवर्षं दगडासारख्या पडून असलेल्या एका रुग्णाला तेलात विरघळवलेल्या कापराचं इंजेक्शन देऊन फिट आणली. काही खेपांनंतर तो माणूस उठला, बोलू लागला. तर्क चुकीचा निघाला, उपाय मात्र टिकला. वैद्यकात असं अनेकदा होतं, फक्त पाठ्यपुस्तकात ते इतक्या मोकळेपणाने लिहिलेलं नसतं.

कापराला वेळ लागे. पुढे आलेलं कार्डियाझोल झटपट काम करी, पण फिट येण्याआधीच्या क्षणांत रुग्णाला मरणाची भीती वाटे आणि पुढच्या वेळी तो सुईला हात लावू देत नसे. या भीतीवरचा उतारा म्हणून वीज आली. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचियो बिनी यांनी एप्रिल १९३८ मध्ये रेल्वे स्टेशनवर असंबद्ध बडबडत सापडलेल्या एका माणसाला पहिला शॉक दिला. चेर्लेत्तीने त्याआधी कत्तलखान्यात डुकरांच्या कानशिलांना विजेचे चिमटे लावताना पाहिलं होतं. डुकरं मरत ती सुरीने. विजेने नुसती बेशुद्ध पडत. विजेने माणूस तत्क्षणी बेशुद्ध होतो, त्याला काही आठवत नाही, हाच तिचा मोठा गुण. आज ज्या यंत्राकडे छळाचं हत्यार म्हणून पाहिलं जातं, ते आलं होतं जुन्या उपचारापेक्षा सौम्य म्हणून.

बदनामी मात्र फुकट मिळालेली नाही. भूल न देता शॉक दिला की अंग इतकं आवळतं की मणक्याचं हाड मोडू शकतं, जबडा निखळतो. चार जणांनी धरून ठेवलेला रुग्ण पाहिलेला माणूस ते विसरत नाही. स्नायू सैल करणारी औषधं १९५०च्या आसपास हाताशी आली, तरी आपल्याकडे कितीतरी ठिकाणी भुलेवाचून शॉक देणं चालूच राहिलं. कारण सोपं होतं, भूलतज्ज्ञ नसे. भार्गवी दावर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुण्यातूनच त्याविरुद्ध लिहिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अखेर भुलेशिवाय शॉक द्यायला बंदी घातली. अल्पवयीन मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर कायद्याने नेमलेल्या मंडळाची परवानगीही लागते, आणि आणीबाणीचा उपचार म्हणून शॉक देता येत नाही. कायद्याच्या मसुद्यामागे पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राचे मानसोपचारतज्ज्ञ सौमित्र पाठारे यांचा मोठा हात होता. आणीबाणीचं कलम मला थोडं आडमुठं वाटतं. खाणं-पिणं सोडून ताठ झालेल्या रुग्णाला शॉकने दोन-चार बैठकांत उठवता येतं, हे नाकारण्यासारखं नाही. पण त्या कलमामागे कोणती वर्षं उभी आहेत तेही विसरू नये.

आता त्या खोलीत काय होतं ते पाहू. रुग्ण उपाशीपोटी येतो. हातात सलाईनची सुई. भूल दिली जाते, पण स्नायू सैल करणारं औषध सोडण्याआधी एका हाताला किंवा पायाला रक्तदाबाचा पट्टा घट्ट फुगवतात, म्हणजे औषध तेवढ्या भागात पोचत नाही. दातांमध्ये रबर, नाकातोंडावर ऑक्सिजन. पेटी टेबलावर मावेल एवढी. बटण दाबल्यावर कानशिलांतून सुमारे ८०० मिलिअँपिअरचे, हजारांश सेकंदाचे बारीक ठोके काही सेकंद जातात. सगळं अंग शांत असतं, फक्त पट्टा बांधलेला पंजा थरथरतो. डॉक्टर तो पंजा पाहत सेकंद मोजतात. पाऊण-एक मिनिटात फिट संपते आणि थोड्या वेळाने रुग्ण डोळे उघडतो, आपण कुठे आहोत ते विचारतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या नातेवाइकाला खरं तर फसवल्यासारखं वाटावं, इतकं ते बेताचं दिसतं.

पाश्चात्त्य देशांत हा उपचार हळूहळू नैराश्याकडे सरकला. आशियात मात्र शॉक घेणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्णच अधिक राहिले. जिथे दोन औषधं हरतात तिथे क्लोझापिन देतात, आणि क्लोझापिनही हरलं तर पुन्हा या पेटीची आठवण होते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रिडिस आणि सहकाऱ्यांनी अशा ३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लोझापिनच्या जोडीला शॉक दिलेल्यांपैकी निम्म्यांत ठळक सुधारणा दिसली, नुसत्या क्लोझापिनवर ठेवलेल्यांत एकातही नाही. अभ्यास लहान, पण दुर्लक्ष करावा असा नाही. किंमत स्मरणशक्तीत मोजावी लागते. उपचाराच्या आगेमागेचे दिवस पुसट होतात. बहुतेकांचं ते भरून येतं, काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत.

भोर-वेल्ह्यात या आजाराचं पहिलं नाव ‘बाहेरचं’ असतं आणि पहिला थांबा देवऋषी. शहरातले लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला त्यात अंतराचा हिशेब जास्त दिसतो. देवऋषी हाकेच्या अंतरावर असतो, रात्रीही दार उघडतो आणि सगळ्या घराला समोर बसवून बोलतो. आणि ‘येरवड्याला पाठवीन’ ही पुणे जिल्ह्यात शिवीच्या जवळ जाणारी धमकी आहे. २५४० खाटांचं ते मनोरुग्णालय या तालुक्यांत वाक्प्रचार म्हणूनच आधी पोचतं.

या शब्दांची धार बोथट करायचं काम पुण्यात ज्यांनी केलं, त्यांत जगन्नाथ वाणींचं नाव घ्यावंच लागतं. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या या धुळ्याच्या माणसाच्या घरातच हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि त्यांच्या पुढाकारातून सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. चित्रपट कोकणातला, पण नाव वेल्ह्याच्या माणसाला परकं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतल्या कितीतरी याच डोंगरांत आहेत. शिरकोलीच्या शिरकाईचं रान त्यांपैकी एक. तिथली काटकीही घरी न्यायची नसते.

वेल्ह्याच्या पुढे एखाद्या वाडीवर समजा एक पंचविशीचा मुलगा आहे, आणि औषधांनी त्याच्या कानातले आवाज थांबलेले नाहीत. शॉक ठरले. आठवड्याला तीन, एकूण आठ ते बारा. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. पहिली एसटी पकडायची, स्वारगेटला उतरून दुसरी बस, सोबत घरचं माणूस हवंच, कारण भुलेनंतर एकट्याला सोडत नाहीत. भातलावणीच्या दिवसांत दहा खेपा म्हणजे दोन माणसांची दहा दिवसांची मजुरी. भरती केलं तर रुग्णाची खेप वाचते, सोबत्याचा मुक्काम वाढतो. अर्धवट सोडलेल्या उपचारांचं खापर ‘भीती’वर फोडलं जातं, बसचं वेळापत्रक कुणी पाहत नाही.

नवी यंत्रं या हिशेबात कुठे बसतात? चुंबकाचं यंत्र, टीएमएस, शेफिल्डच्या अँथनी बार्करने १९८५ मध्ये आणलं. डोक्याला वेटोळं टेकवायचं, क्षणभर दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं आणि कवटीआड मेंदूत बारीकसा प्रवाह खेळतो. भूल नको, फिट नको. येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी डाव्या कानाच्या वरच्या भागावर सेकंदाला एक ठोका देऊन ऐकू येणारे आवाज कमी होतात का, ते पाहिलं. काहींचे झाले, पुढचे निकाल उलटसुलट आले. पण यंत्र महाग, आणि बैठका रोजच्या, आठवडेच्या आठवडे. म्हणजे खेपा शॉकपेक्षाही जास्त.

उरतं ते टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक कपाळाच्या डाव्या बाजूला, एक डाव्या कानामागे वर. मधे हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी डबी. प्रवाह २ मिलिअँपिअर, म्हणजे शॉकच्या चारशेव्या भागाइतका. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. फ्रान्समधल्या लिओंच्या जेरोम ब्रुनलँ यांनी २०१२ मध्ये ३० रुग्णांवर हे करून आवाज कमी झाल्याचं दाखवलं, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये गणेशन वेंकटसुब्रमणियन यांच्या गटाने त्यावर बरंच काम केलं आहे. पुढच्या सगळ्या चाचण्यांनी तोच सूर लावलेला नाही. त्वचेला खाज सुटते, लाली येते, याहून मोठा त्रास सहसा नाही. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या टेबलावर सहज मावेल असं हे एकच यंत्र, आणि तिघांत सर्वांत तोकडा पुरावाही त्याचाच. खात्रीचं यंत्र शहरात, जवळ आणता येण्यासारखं यंत्र बेभरवशाचं. त्यामुळे कुणी पाच दिवसांत आवाज बंद करून देतो म्हणाला, तर पैसे मोजण्याआधी या तीस रुग्णांची आठवण ठेवावी.

तालुक्यात होऊ शकेल असं काम वेगळंच आहे. क्लोझापिनवर पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात म्हणून सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायची पद्धत आहे. तपासणी साधी, रक्ताचा नेहमीचा रिपोर्ट. तो भोरला किंवा वेल्ह्यात काढून पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर कळवला, तर अठरा खेपा वाचतात. शॉकच्या दहा मात्र कराव्याच लागतात.

परतीच्या एसटीत दुपारचं ऊन. मुलगा खिडकीशी, हातावर सुईच्या जागी कापूस चिकटवलेला. शिवापूर मागे पडलं तेव्हा त्याने विचारलं, चेलाडी आलं का. मिनिटाभराने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाडी फाट्यावर वळतच होती.

“आलं रे,” दादा म्हणाला. “आता नसरापूर.”